पफच्या भिंतीमागचं वायफाय

तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजच्या वायफायचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी कोल्ड स्टोरेज आतून कधी पाहिलंही नव्हतं. ऑफिसं, दोन शाळा, एक बँक्वेट हॉल, एवढीच माझी पुंजी. काम ऐकायला साधं होतं: पेट्यांवरचे बारकोड हातातल्या स्कॅनरने वाचले की नोंद लगेच सर्व्हरवर जायला हवी. पण चेंबरमध्ये शिरलं की स्कॅनर मान टाकायचे. माथाडी कामगार बाहेर येऊन रेंज धरायचे आणि परत आत जायचे.

मी ऐरोलीला घरी बसून मॉडेल केलं. इमारतीचा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा, स्केल लावायचं, भिंती आखायच्या, कुठली भिंत किती डीबी, म्हणजे किती सिग्नल, खाते ते सांगायचं आणि ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी यंत्रं, टेकवायचे. मग कुठे किती सिग्नल पोचेल याचा रंगीत नकाशा तयार होतो, त्याला आम्ही हीटमॅप म्हणतो. मी सगळीकडे किमान उणे ६७ डीबीएम धरलं होतं. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर.

पहिली चूक स्केलची. मिळालेला नकाशा म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावर एका दाराची रुंदी धरून मी स्केल लावलं. इतक्या छोट्या मापात केसभर चूक झाली तरी ती अख्ख्या इमारतीभर पसरते. पुढे लेझर मीटरने लांब भिंत मोजली तर ४८ मीटर भरली. माझ्या मॉडेलमध्ये ती ४३ होती.

दुसरी चूक मात्र लाज आणणारी. कोल्ड स्टोरेजच्या भिंती पफ पॅनलच्या होत्या, पण सॉफ्टवेअरमधल्या भिंतींच्या तयार यादीत ते नव्हतं. पफ म्हणजे फोम, थर्माकोलचा भाऊ, असं समजून मी जिप्समचं पार्टिशन निवडलं, ३ डीबी. पॅसेजमध्ये ४ ॲक्सेस पॉइंट टाकले आणि सगळा नकाशा हिरवागार झाला. खूश होऊन प्रिंट काढून साइटवर गेले.

तिथले सुपरवायझर काका प्रिंट बघत होते आणि माझी नजर त्यांच्या मागच्या भिंतीवर गेली. ड्यूटीचा तक्ता लोहचुंबकाने चिकटवला होता.

"काका, ही भिंत पत्र्याची आहे?"

"मग काय मॅडम? दोन्हीकडून पत्रा, मध्ये फोम. म्हणून तर दार उघडं ठेवलं की रेंज येते. पण मग थंडावा जातो, आणि मला बोलणी बसतात."

मग ट्रायपॉडवर ॲक्सेस पॉइंट लावून तपासलं. दाराबाहेर उणे ४७, दार लावून आत उणे ८१. म्हणजे ३४ डीबी गेले. दर ३ डीबीला ताकद अर्धी होते, ३० डीबीला हजारावा हिस्सा उरतो. पॅसेजमधून आत रेंज पोचवणं म्हणजे बंद डब्यात टॉर्च मारण्यासारखं होतं.

भिंतीला ३४ डीबी भरल्याबरोबर माझा हिरवा नकाशा चेंबरपुरता करडा पडला. आता प्रत्येक चेंबरमध्ये वेगळा ॲक्सेस पॉइंट लागणार होता, गोठवायच्या चेंबरमध्ये तर उणे १८ अंशांत टिकणारा, म्हणजे बजेट वाढणार. मालकांशी ते बोलणं कसं झालं ते इथे लिहीत नाही. केबलसाठी पॅनलला भोक पाडायला काका तयारच नव्हते. भोकातून दमट हवा शिरली की आत बर्फ धरतो. शेवटी केबलभोवती घट्ट बसणारं ग्लँड घालून, दोन्ही बाजूंनी सील करून देण्यावर तडजोड झाली.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. मी ॲक्सेस पॉइंटची पॉवर २० डीबीएम ठेवली होती, पण स्कॅनर जेमतेम १४ ने बोलतो. त्याला ऐकू येतं, पण त्याचा आवाज परत पोचत नाही, आणि स्क्रीनवर रेंजच्या काड्या मात्र भरलेल्या. पॉवर १४ वर आणून मॉडेल परत चालवलं, तेव्हा नकाशा थोडा फिका आला, पण खरा आला.

बसवल्यावर मोजलं, सगळं ठीक. महिनाभराने काकांचा फोन: "मॅडम, चार नंबरला परत तेच." चार नंबर सफरचंदांचं चेंबर, गोठवायचं नाही, शून्याच्या जरा वर ठेवतात. मी मोजलं तेव्हा ते रिकामं होतं, आता छतापर्यंत पेट्या. सफरचंदात पाणीच जास्त, आणि पाणी वायफायच्या लहरी पितं, बर्फ त्यामानाने फारच कमी. म्हणून गोठवलेल्या मटाराच्या चेंबरमध्ये तक्रार नव्हती. आता मॉडेलमध्ये रॅक भरलेलेच धरते.

चार नंबरमध्ये ॲक्सेस पॉइंट सरकवून बरंच सुधारलं. मागचा एक कोपरा तेवढा उणे ७२ वर अडला. त्याच्यासाठी आणखी एक बसवायला मालक तयार नव्हते. काकांनी तिथे रिकामे क्रेट रचले.