सुपापासून खुर्चीपर्यंत : आमची वाटचाल

बुरडकाम आमच्या घरात पिढीजात. वडील सुपं, टोपल्या, ताटवे विणायचे. बांबू वनविभागाच्या डेपोतून, बुरड कार्डावर (बुरड कारागिराच्या नोंदीचं कार्ड), सवलतीत मिळायचा. कधी मिळेल ते मात्र आपलं नशीब. गडचिरोलीचा बहुतेक बांबू तेव्हा कागदासाठी जायचा. मी खुर्च्या-टीपॉय करायला लागलो आणि अडचण वाढली, कारण सुपाला कोवळा बांबू चालतो, खुर्चीच्या पायाला तीन वर्षांवरचा, भरीव मानवेल जातीचा बांबूच लागतो.

2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून गावाला जंगलातून घेता येतो अशा मालात, धरला. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन, जंगलातला बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. पाठोपाठ जिल्ह्यातल्या इतर ग्रामसभाही उभ्या राहिल्या. आमच्यासारख्या छोट्यांना जंगलातला माल थेट घ्यायची सोय झाली ती अशी.

धानोरा तालुक्यातल्या एका गावात मी दर घेऊन गेलो, तर आधी अटी ऐकाव्या लागल्या. पावसाळ्यात तोड नाही. त्या सालचे आणि गेल्या सालचे बांबू सोडायचे. जमिनीलगत एक पेर राखूनच कापायचं. रांजीचे, म्हणजे बांबूच्या बेटाचे, नवे कोंब बाहेरच्या कडेला फुटतात आणि जुने, पक्के बांबू मध्ये अडकून बसतात. घाईतला मजूर हाताशी येतं ते, म्हणजे नेमकं कोवळंच तोडतो. म्हणून एका बाजूनं घोड्याच्या नालेसारखी वाट करून आतून माल काढायचा. याला मजुरी जास्त पडते, ती मी द्यायची. मी कुरकुरलो. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पुढच्या साली तुमी नाई आले तरी चालते भाऊ, रांजी तं इथंच राह्यते."

हिशेब केला तर अट माझ्याच फायद्याची निघाली. त्यांना कोवळा वाचवायचा, मला पक्का हवा! ट्रक भरून सरसकट माल मागणाऱ्या ठेकेदाराशी त्यांचं असं जुळणं कठीण. दर नगामागे ठरला, बाजारापेक्षा चढा. त्यातली काही रक्कम उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवायला मोकळा केलेला पट्टा) काढायला जाते. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्या दिवसांत वणवा लागला तर नुकसान दोघांचंही.

सगळं गोडगोड आहे असं नाही. निर्णय सर्वांच्या सहमतीनं होतो, त्यामुळे बैठका लांबतात आणि पुण्याचं गिऱ्हाईक इकडे फोनवर फोन करतं. माल आला की आधी बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणाच्या टाकीत बुडवतो, नाहीतर घुण लागतो. 2017 नंतर शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला परवाना लागेनासा झाला. तो आम्ही जाळीकामाला, दिव्यांच्या छत्र्यांना वापरतो. खुर्चीचे पाय अजून जंगलातल्या मानवेलाचेच.

सध्या बोलणी अडलीयत ती वाहतुकीवर. कूपापासून (जंगलातल्या तोडीच्या जागेपासून) सडकेपर्यंतची बैलगाडी कुणाच्या खर्चानं? निम्मं-निम्मं करू म्हणतोय. पुढच्या बैठकीत कळेल.