ताण्याखालची वाट

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती नागपुरातल्या गोळीबार चौकामागची आमची गल्ली. सकाळी सात-सव्वासातची वेळ. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या कैच्यांवर ताणलेला पांढऱ्या सुताचा ताणा, दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन त्यावर खळ फिरवणारी माणसं, आणि त्याखालून दप्तर छातीशी धरून वाकत वाकत शाळेला निघालेल्या आम्ही पोरी.

या कामाला पांजणी म्हणतात. कडक ऊन चढलं की खळ भराभर वाळते आणि धागे तुटतात, म्हणून पांजणी सकाळीच उरकावी लागे. शाळाही सकाळचीच. त्यामुळे रस्ता कोणाचा, हा प्रश्न रोज उभा राहू शकला असता. तो कधी राहिला नाही. काकाजी, म्हणजे माझ्या मैत्रिणीचे वडील, लांबूनच ओरडायचे, "पोट्टे येऊन राहिले रे, हात थांबवा!" आणि कुंचे थांबत.

मी 1967 साली पहिलीत आले आणि 1977 साली दहावी होऊन बाहेर पडले. आमचं घर विणकरांचं नव्हतं. वडील एम्प्रेस मिलच्या स्पिनिंग खात्यात होते, आम्ही त्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ उभारलेली ही मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, त्यावरून मिलचं नाव पडलं. आम्हाला तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होता तो भोंगा. घड्याळ फार थोड्या घरांत होतं, पण सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की आई चुलीपुढून उठायची आणि माझ्या वेण्या घालायला बसायची. वडील सूत कातणाऱ्या मिलमध्ये जातात आणि त्या सुताची लुगडी आमच्या गल्लीत होतात, म्हणजे सगळी गल्ली मिळून एकच काम करते, असं मला लहानपणी वाटे.

माझी मैत्रीण काकाजींची मोठी मुलगी. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिच्या घरात शिरलं की पहिल्याच खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग होता. काकाजी खड्ड्यात पाय सोडून बसत आणि धोटा या हातातून त्या हातात असा जाई की नजर ठरत नसे. काकू आणि आजी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत. मैत्रीणही भरायची, शाळेत येण्याआधी आणि शाळेतून गेल्यावर. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर सुतानं पडलेल्या बारीक रेषा होत्या. त्या मी बाकावर बसल्या बसल्या मोजत असे.

तिसरीत असताना एकदा उशीर झाला म्हणून मी धावत सुटले. वाकले, पण पुरेशी वाकले नाही. दप्तराचं बक्कल ताण्यात अडकलं आणि पंधरा-वीस धागे तडातड तुटले. मी जागच्या जागी रडायला लागले. काकाजींनी कुंचा खाली ठेवला, बक्कल सोडवलं आणि म्हणाले, "रडते कायले? तुटलं ते सांधता येते. बस इथं." मैत्रिणीनं चुलीतली चिमूटभर राख आणली, माझ्या बोटांना लावली आणि दोन टोकं एकमेकांवर ठेवून पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. माझे पहिले चार सांधे निसटले. पाचवा धरला. सगळे धागे पुरे करूनच आम्ही दोघी शाळेत गेलो, तोवर दुसरा तास सुरू झालेला. बाईंनी कारण विचारलं, मी राखेची बोटं पुढे केली. त्यांनी हजेरीपट काढला आणि आमच्या दोघींच्या नावांपुढची गैरहजेरीची खूण खोडली.

त्या बाईंबद्दल पुष्कळ लिहिता येईल. वर्गातली कोणती पोरं कधी येणार नाहीत, हे त्यांना तोंडपाठ होतं. ज्या घरी नवा ताणा चढायचा, त्या घरचं पोर दोन दिवस येणार नाही. पावसाळ्यात पांजणी बंद, माग रिकामे, तेव्हा पोरं रोज येणार, पण डबा आणणार नाहीत. अशा दिवसांत बाईंच्या डब्यात पाच-सहा पोळ्या जास्त असत. मधल्या सुट्टीत "मला आज भूक नाही, संपवा रे" असं म्हणून त्या डबा पुढे सरकवत. आम्ही तेव्हा ते खरं मानलं. कितीतरी वर्षांनी, मी स्वतः शिक्षिका झाल्यावर, एका दुपारी डबा उघडताना ते अचानक कळलं.

मैत्रिणीच्या घरचं जेवण मला आईच्या स्वयंपाकाइतकंच ओळखीचं होतं. हल्ली सावजी म्हटलं की लोकांना हॉटेलाची पाटी आणि डोळ्यांतलं पाणी आठवतं. माझ्यासाठी ते विणकरांच्या घरातलं रोजचं रांधणं आहे. आजी पाट्यावर धने, खसखस, दगडफूल वाटायची, रस्सा जवसाच्या तेलात व्हायचा आणि मिरची लागायची ती भिवापुरीच. पाटोडीचा रस्सा असला की एक वाटी आमच्या घरी यायचीच, आणि ती वाटी आई कधी रिकामी परत करायची नाही.

भिवापूरहून येणारी गाडी इतवारी स्टेशनावर थांबे. नागभीड-उमरेडकडची ती छोटी लाईन 2019 साली बंद झाली. दसऱ्याला त्या गाडीनं पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरत आणि दीक्षाभूमीकडे चालू लागत. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली, तिथं. कडेवर मूल, डोक्यावर गाठोडं. गल्लीतल्या बायका माठ भरून ओट्यावर ठेवत आणि आम्हा पोरींकडे पाणी द्यायचं काम असे. बाईंनी वर्गात समतेचा धडा शिकवला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटून विचारलं होतं, "परवा पाणी कोणी कोणी दिलं?"

आणि मारबत! नागपूरबाहेर राहणाऱ्यांना हे समजावून सांगता सांगता मी थकले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते आणि इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते. त्या वेळी जी गर्दी उसळते ती वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली मला स्वच्छ आठवते. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असत. ज्याच्यावर लोकांचा त्या वर्षी राग, त्याचा बडगा. "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" ही आरोळी आम्ही घसा बसेपर्यंत देत असू. संध्याकाळी तान्हा पोळा. मैत्रिणीचा लाकडी बैल तिच्या आजोबांनी मागाच्या जुन्या लाकडातून कोरलेला होता, चाकं थोडी वाकडी. तो ओढत आम्ही घरोघर बोजारा मागायचो आणि गोळा झालेले पैसे ओट्यावर बसून सारखे वाटून घ्यायचो.

1973 साली आम्ही सातवीत होतो. यंत्रमागाचं स्वस्त कापड बाजारात आलं होतं, हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं. काकाजींच्या छातीचं दुखणं वाढलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मैत्रीण शाळेत आली नाही. बाई दोनदा तिच्या घरी गेल्या, दुसऱ्या वेळी मीही बरोबर होते. काकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बाई, हिच्या कांड्यांवर चूल पेटून राहिली आता." बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी आपलं पेन मैत्रिणीच्या हातात दिलं. बाकावरची तिची जागा मी वर्षभर कोणाला दिली नाही.

हे सगळं आज लिहिण्याला कारण आहे. अमृत महोत्सवाची निमंत्रणं दहावीच्या तुकड्यांच्या याद्यांवरून जात आहेत. समितीनं किती कष्टानं त्या याद्या गोळा केल्या, हे मी जवळून पाहिलं आहे. पण आमच्या पहिलीच्या वर्गातली कितीतरी नावं त्या यादीत येऊच शकत नाहीत. कोणी चौथीत माग धरला, कोणी सहावीत मिलच्या दारात उभं राहिलं. ती मिलही 2002 साली बंद पडली. तीही शाळेचीच मुलं. माझी विनंती आहे, दाखलखारीज नोंदवही उघडावी आणि जिथं जिथं नाव मध्येच थांबलं आहे, ते नाव यादीत घ्यावं. टांडापेठ, पाचपावली, नाईक तलाव इथली घरं शोधायला मी चालेन. गुडघे दुखतात, पण चालेन.

सुरुवात मी केली आहे. गेल्या महिन्यात समितीकडून एक कोरं निमंत्रण मागून घेतलं, त्यावर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं आणि तिच्या घरी गेले. ती आता मुलाकडे राहते. समोरच्या खोलीत माग नाही, शिलाई मशीन आहे. तिनं पाकीट उलटसुलट पाहिलं.

"मले कायले बोलावता गे? मी तर सातवीतच सोडली."

मी म्हटलं, "तूच मला धागा सांधायला शिकवलंस, ते शाळेच्या वेळेतच ना?"

ती उठली, आत गेली. मला वाटलं रडायला गेली. बाहेर आली ती चष्मा घेऊन. निमंत्रण नीट वाचलं, अक्षर न् अक्षर, बोट ठेवून. मग म्हणाली, "जेवण किती वाजता आहे? बाहेरचं कायले सांगता, पाटोडी मी करतो. बाई येऊन राहिल्या का?"

बाई आता नाहीत, हे मी तिला सांगितलं. मग आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसून होतो.