काबायान: बातमीपत्राच्या खुर्चीतून सिनेटमध्ये, आणि पुन्हा त्याच खुर्चीत

फिलिपिन्समध्ये एखादा वृत्तनिवेदक, वार्ताहर किंवा स्तंभलेखक निवडणुकीला उभा राहिला, तर त्याने प्रचाराच्या काळात कामावरून रजा घ्यावी, आणि त्याच्या संस्थेचा तसा नियम असेल तर राजीनामा द्यावा, असे २००१ च्या निवडणूक कायद्यात लिहिलेले आहे. वाचताना हे रास्तच वाटते. मात्र उमेदवारी अर्ज भरले जातात आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, आणि राष्ट्रीय पदांसाठीचा अधिकृत प्रचार सुरू होतो मतदानापूर्वी नव्वद दिवस, म्हणजे फेब्रुवारीत. २०२५ च्या मे महिन्यातील निवडणुकीसाठी अर्ज ८ ऑक्टोबर २०२४ पर्यंत घेतले गेले आणि प्रचार ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाला. मधल्या चार महिन्यांत अर्ज भरलेला निवेदक रोज संध्याकाळी लोकांच्या घरात बातम्या सांगत राहिला, तरी हा कायदा त्याला अडवत नाही; अडवायचे की नाही हे त्याच्या वाहिनीने ठरवायचे. मनिलातील माझ्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला हा हिशेब समजावून सांगितला, तेव्हा आपल्याकडची आचारसंहिता, तिच्यावरचे आपले सगळे आक्षेप लक्षात घेऊनही, मला एकदम थोर वाटू लागली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. परदेशी नागरिकाने येथील निवडणुकीत कोणत्याही प्रकारे भाग घेणे किंवा कोणाला मदत करणे हा या देशात गुन्हा आहे, आणि पाहुणा म्हणून राहणाऱ्या माणसाने ती मर्यादा पाळलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. हे लिखाण घरच्या वाचकांसाठी आहे आणि ज्यांच्याविषयी ते आहे त्या वृत्तनिवेदक नोली डी कास्ट्रो यांची कारकीर्द सर्वांसमोर उघड आहे.

डी कास्ट्रो यांना येथे सगळे ‘काबायान’, म्हणजे देशबांधव, या नावानेच ओळखतात. त्यांचा जन्म १९४९ मध्ये ओरिएंटल मिंडोरो प्रांतातील पोला या गावी झाला आणि शिक्षण वाणिज्य शाखेचे. सत्तरीच्या दशकात ते बातमीदारीत आले, पण त्यांचे खरे दिवस सुरू झाले ते १९८६ नंतर. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारून बंद केलेली एबीएस-सीबीएन ही वाहिनी १९८६ च्या जनउठावानंतर पुन्हा उभी राहिली, आणि मार्च १९८७ मध्ये तिने ‘टीव्ही पॅट्रोल’ हे संध्याकाळचे बातमीपत्र सुरू केले. तोवर प्रतिष्ठेची बातमीपत्रे इंग्रजीत असत. ‘टीव्ही पॅट्रोल’ फिलिपिनो भाषेत बोलू लागले, तेही बाजारात आणि जीपनीत, म्हणजे येथील प्रवासी जीपमध्ये, बोलतात तशा फिलिपिनोत. त्यात गल्लीतली आग होती, पूर होता, पोलिसांनी तक्रार घेतली नाही म्हणून रडणारी आई होती. त्याच्या जोडीला रेडिओवरचे त्यांचे कार्यक्रम, आणि १९८८ पासून ‘मागांदांग गाबी, बायान’ हा साप्ताहिक कार्यक्रम, ज्याचे नोव्हेंबरमधील पितरांच्या सणाच्या सुमाराचे भुताखेतांचे भाग आज चाळिशीत असलेली माणसे अजून आठवतात. तीस वर्षांपूर्वी आपल्याकडे सातच्या बातम्यांना प्रदीप भिडे यांचा आवाज आला की घरातली बोलणी थांबत असत. त्या आवाजावर आपला विश्वास होता, पण त्या आवाजाकडे आपण कधी गाऱ्हाणे घेऊन गेलो नाही. येथील माणूस गेला. तलाठी, फौजदार आणि न्यायालय या तिघांकडूनही निराश होऊन परतलेला गरीब माणूस रेडिओ केंद्राच्या दारात उभा राहतो, निवेदक सर्वांदेखत संबंधित अधिकाऱ्याला फोन लावतो, आणि अनेकदा काम होते. हे मी स्वतः ऐकले आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे.

मग २००१ मध्ये डी कास्ट्रो सिनेटसाठी, म्हणजे येथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहासाठी, अपक्ष म्हणून उभे राहिले, आणि एक कोटी साठ लाखांहून अधिक मते मिळवून देशात पहिले आले. हा आकडा कळण्यासाठी येथील पद्धत माहीत असावी लागते. सिनेटमध्ये चोवीस सदस्य असतात, दर तीन वर्षांनी बारा निवडले जातात, आणि त्यांना मतदारसंघ नसतो. साऱ्या देशाचा एकच मतदारसंघ. २०१० मध्ये मतमोजणी यंत्रे येईपर्यंत मतदाराला कोऱ्या रेषांवर उमेदवारांची नावे स्वतःच्या हाताने लिहावी लागत. बारा नावे आठवून लिहायची असतील तर रोज संध्याकाळी घरात ऐकू येणारे नाव सर्वांत आधी आठवणार, हे उघड आहे. त्यांच्या आधी, १९९८ मध्ये, त्याच वाहिनीच्या ‘द वर्ल्ड टुनाइट’ या इंग्रजी बातमीपत्राच्या निवेदिका लोरेन लेगार्डा याच रीतीने सिनेटच्या निवडणुकीत पहिल्या आल्या होत्या.

येथे मला आपल्याकडची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही. पत्रकाराने राजकारणात जाणे आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्राचे राजकारणच वर्तमानपत्रातून जन्माला आले, असे म्हटले तरी चालेल. टिळकांचा ‘केसरी’ होता, अत्रे ‘मराठा’ चालवत विधानसभेत गेले. त्यांची भूमिका अग्रलेखात आधीच छापलेली असे, त्यामुळे वाचकाची फसगत होण्याचा प्रश्न नव्हता. निवेदकाचे तसे नसते, कारण त्याचे सारे भांडवल तो कोणाच्या बाजूचा नाही या समजुतीवर उभे असते. मात्र हेही मान्य करायला हवे की अलीकडच्या काळात आपले संपादक, मग ते संजय राऊत असोत, भारतकुमार राऊत असोत किंवा कुमार केतकर, संसदेत गेले ते राज्यसभेतून, आमदारांच्या मतांवर. डी कास्ट्रो यांनी साऱ्या देशाकडे मत मागितले. या एका बाबतीत पारडे त्यांच्या बाजूने झुकते आणि मी ते झुकू देतो.

पुढची गोष्ट २००४ ची. राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापागाल अरोयो यांच्या जोडीने डी कास्ट्रो उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, आणि त्यांच्यासमोर, चित्रपट अभिनेते फर्नांडो पो ज्युनिअर यांच्या जोडीने, उभ्या होत्या लोरेन लेगार्डा. एकाच वाहिनीवर बातम्या देणारी दोन माणसे देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी एकमेकांविरुद्ध लढत होती. त्यातही तीन वर्षांपूर्वी डी कास्ट्रो यांना पाठिंबा मिळाला होता तो पदच्युत राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांच्या आघाडीचा, म्हणजे अरोयो यांच्या विरोधकांचा. तर लेगार्डा १९९८ मध्ये निवडून आल्या होत्या त्या अरोयो यांच्याच लाकास पक्षाकडून. डी कास्ट्रो सुमारे आठ लाख ऐंशी हजार मतांनी जिंकले. लेगार्डा यांनी निकालाला आव्हान दिले आणि ते २००८ मध्ये फेटाळले गेले.

त्यानंतर २००५ चा जून महिना आला. राष्ट्राध्यक्षा आणि निवडणूक आयोगाचे एक आयुक्त यांच्यातील, २००४ च्या मतमोजणीविषयीच्या संभाषणाच्या ध्वनिफिती बाहेर आल्या, अरोयो यांनी दूरचित्रवाणीवरून देशाची क्षमा मागितली, जुलैमध्ये मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी मिळून दहा जणांनी एकाच दिवशी राजीनामे दिले, आणि राष्ट्राध्यक्षांनी पद सोडून ते घटनेप्रमाणे उपराष्ट्राध्यक्षांकडे सोपवावे, अशी मागणी झाली. डी कास्ट्रो अरोयो यांच्या पाठीशी राहिले. त्यांच्याकडे घरबांधणीचे खाते होते, ते काम ते करत राहिले आणि २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक न लढवता त्यांनी मुदत पूर्ण केली. ही त्यांची राजकीय निष्ठा होती आणि तिच्यात मला दोष दिसत नाही. मला अस्वस्थ करते ते यानंतरचे.

८ नोव्हेंबर २०१० रोजी, उपराष्ट्राध्यक्षपद सोडल्यानंतर अवघ्या चार-पाच महिन्यांत, नोली डी कास्ट्रो ‘टीव्ही पॅट्रोल’च्या त्याच खुर्चीत परत बसले. त्यांच्या शेजारी होते टेड फेलॉन, जे २००१ ते २००४ या काळात लेते प्रांतातून काँग्रेसचे, म्हणजे येथील संसदेचे, सदस्य राहून पत्रकारितेत परतले होते. तिसऱ्या होत्या कोरिना सांचेझ, ज्यांचे पती मार रोहास त्याच वर्षी मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले होते. देशातील आघाडीच्या बातमीपत्राचे तीन निवेदक, आणि तिघांचाही सत्तेशी इतका जवळचा संबंध. त्या संध्याकाळनंतर अरोयो यांच्या कारभाराविषयी किती बातम्या आल्या असतील, याची कल्पना करून पाहावी. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अरोयो यांना अटक झाली. ज्या सरकारात आपण सहा वर्षे दुसऱ्या क्रमांकावर होतो, त्याच्या प्रमुखाच्या अटकेची बातमी निवेदकाने कोणत्या स्वरात वाचायची? स्वर कठोर ठेवला तर कृतघ्नपणा दिसेल, सौम्य ठेवला तर पक्षपात दिसेल, आणि अगदी सपाट ठेवला तरी प्रेक्षक त्या सपाटपणाचा अर्थ लावत बसेल. डी कास्ट्रो यांनी व्यवसायाशी अप्रामाणिकपणा केला, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याकडे कोणताही आधार नाही. पण प्रामाणिकपणा प्रेक्षकाला ऐकू यावा लागतो, आणि अशा खुर्चीत तो ऐकू येण्याची सोयच उरत नाही.

माझ्या सहकारी बाईंना हा आक्षेप मान्य नाही. ज्याने सत्ता आतून पाहिली आहे त्याला कोणता प्रश्न कुठे टोचतो हे अधिक कळते, असे त्या म्हणतात. तुमच्याकडे वाहिन्यांचे मालक संसदेत बसत नाहीत का, असेही त्यांनी विचारले, आणि ‘लोकमत’च्या दर्डा घराण्याचे नाव मला आठवले, पण घेतले नाही. मी एवढेच म्हणालो की आमच्याकडे मालक जातो, तरी बातम्या सांगणारा माणूस खासदारकीची मुदत संपवून दुसऱ्या दिवशी बातम्या सांगायला परत येत नाही. उत्तर पुरेसे नव्हते, तरी ते खरे आहे, आणि परक्या देशात आपल्या माणसांची बाजू घेणारा कोणी तरी असावा लागतो.

या सगळ्याला आणखी एक पदर आहे, जो आपल्याकडे नाही. येथे वाहिनीला प्रक्षेपणाचा परवाना काँग्रेस कायदा करून देते. एबीएस-सीबीएनची पंचवीस वर्षांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ५ मे रोजी प्रक्षेपण थांबले, आणि १० जुलै रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीने नव्या परवान्याची मागणी ७० विरुद्ध ११ मतांनी फेटाळली. म्हणजे निवेदक ज्या सभागृहाविषयी प्रश्न विचारतो ते त्याच्या वाहिनीचे भवितव्य ठरवते, आणि उद्या तो स्वतः काँग्रेसमध्ये बसला तर जुन्या सहकाऱ्यांच्या नोकऱ्यांवर मत देतो. वाहिनी बंद पडल्यावर हजारो माणसे घरी बसली, तेव्हा डी कास्ट्रो तिच्याबरोबर राहिले. ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी पुन्हा सिनेटसाठी अर्ज भरला आणि पाचच दिवसांत मागे घेतला. लोकांचा आवाज पत्रकारितेतूनच अधिक चांगला पोचवता येईल, असे कारण त्यांनी दिले. ते पुन्हा बातम्यांकडे परतले.

त्यांनी माघार घेतली त्या निवडणुकीत, २०२२ मध्ये, सिनेटच्या यादीत पहिला आला एक चित्रपट अभिनेता, दुसऱ्या आल्या लोरेन लेगार्डा आणि तिसरे आले राफी तुल्फो, जे तक्रारी ऐकून सर्वांसमोर अधिकाऱ्यांना जाब विचारणारे निवेदक म्हणून घराघरात पोचलेले आहेत. २०२५ मध्ये त्यांचे बंधू एर्विन, तेही निवेदक, चौथ्या क्रमांकाने निवडून आले. तिसरे बंधू बेन यांची जागा थोडक्यात हुकली.

येथील राज्यघटनेत एक सुंदर तरतूद आहे: निवडणूक हरलेल्या उमेदवाराची एक वर्षापर्यंत कोणत्याही सरकारी पदावर नेमणूक करता येत नाही. आपल्याकडे असे काही असते तर किती नेमणुका थांबल्या असत्या, हे वाचकांना सांगायला नको. बातमीपत्राच्या खुर्चीसाठी मात्र अशी मुदत कोणी घातलेली नाही. मला ती हवी वाटते, आणि एका वर्षाची नव्हे, निदान एका पूर्ण निवडणुकीची, म्हणजे तीन वर्षांची. सहकारी बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की तीन वर्षे काबायान नसतील तर माझ्या मिंडोरोच्या आईला बातम्या कोण सांगणार.