बटाटे, ज्यांचं नाव मी भिशीत सांगितलं नाही

माझी धाकटी नणंद अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीत असते. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तिनं एक ट्रे दाखवला. वर सोनेरी कुरकुरीत थर, खाली चीजमध्ये लडबडलेला बटाटा. आमच्या भिशीत वीस बायका, माझी पाळी जानेवारीत. म्हटलं, यंदा हेच. नाव विचारलं तर ती हसायलाच लागली. "फ्युनरल पोटॅटोज, वहिनी." तिकडं युटा राज्यात मयत झालं की अंत्यविधीनंतरच्या जेवणाला हा पदार्थ हमखास असतो. इतका लाडका, की २००२च्या हिवाळी ऑलिंपिकला त्याचं चित्र असलेली पिनसुद्धा निघाली होती. आणि मी तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करणार! नाव तिथंच गिळलं.

तिची कृती म्हणजे पाकिटं फोडायची: गोठवलेला बटाट्याचा कीस, डब्यातलं घट्ट सूप, सावर क्रीम. मी आठवडाभर आधी थोड्यावर करून बघितलं, कच्चा बटाटा किसून. अर्ध्या तासात ट्रेचा रंकाळा तलाव झाला. किसाला पाणी सुटलं, रंग करडा, वर चीजचा तवंग. तवंग तांबड्या रश्श्यावर शोभतो. सासूबाईंनी चमचा फिरवून विचारलं, "ह्यो बटाट्याचा खरवस हाय का?"

दुसऱ्या खेपेला डोकं वापरलं. कपिलतीर्थ मंडईतून जुना बटाटा आणला. नव्यात पाणी फार. सालासकट अर्धवट उकडला आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. गार झाल्यावर तो घट्ट होतो, सकाळी किसला तर लांब मोकळे धागे पडतात, लगदा होत नाही. खरी मेख इथंच होती, बाकी सगळं सोपं. सुपाच्या जागी व्हाइट सॉस: पंचाहत्तर ग्रॅम लोणी, तेवढाच मैदा, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं पाऊण लिटर म्हशीचं दूध. सावर क्रीमऐवजी चारशे ग्रॅम चक्का, पण सॉस कोमट झाल्यावरच, नाहीतर फाटतो. चीज चारशे ग्रॅम, अर्धं मोझरेला, अर्धं साधं. नुसतं साधं घातलं तर तार येत नाही, नुसतं मोझरेला घातलं तर चव येत नाही. हे सगळं दोन किलो बटाट्याला.

वरच्या थराला तिकडं लोण्यात घोळवलेले कॉर्नफ्लेक्स घालतात. माझ्यातली कोल्हापूरकरीण जागी झाली आणि मी भडंग पसरलं. वाफेनं चुरमुरे असे चिवट झाले की दातात अडकले. निमूट कॉर्नफ्लेक्सवर आले, पण लोण्यात दोन चमचे कांदा-लसूण चटणी मिसळूनच.

भिशीच्या दिवशी पहिला ट्रे १८० अंशावर चाळीस मिनिटांत झकास झाला. दुसरा आत जाऊन पंधरा मिनिटं झाली आणि लाईट गेली. बायका बाहेर उखाणे घेतायत, मी आत घामाघूम. ट्रे ॲल्युमिनियमचा होता म्हणून वाचले, काचेचा असता तर गॅसवर ठेवता आला नसता. जाड तव्यावर ठेवला, झाकण घातलं, गॅस बारीक केला. वरून पांढराफटक राहिला, पण खाली अशी खरपूड धरली की बायकांनी तोच आधी संपवला. एकीनं तर उलथन्यानं बूड खरवडून घेतलं.

सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं आणि "तिखट कमी हाय" म्हणाल्या.

"नाव काय गं ह्याचं?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"चीज-बटाटा," मी म्हटलं.

"फेब्रुवारीत आमच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. दोन ट्रे करून देशील?"

मी हो म्हटलं, आणि रात्री नणंदेला पहिला मेसेज टाकला: मे महिन्यात इकडं येशील तेव्हा काकूंसमोर तोंड उघडू नकोस.