बॉटल फुल, रेडिएटर रिकामा

तीन आठवडे गाडी तापत होती आणि तीन आठवडे मी रोज सकाळी बॉनेट उघडून कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बॉटल बघायचो, लेव्हल एकदम मॅक्सच्या खुणेवर, मग बॉनेट बंद. कूलंट तर फुल आहे ना, मग फॅनच असणार. फॅन चालू-बंद करणारा रिले बदलला. मग थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप. टेंपरेचरचा काटा काही ऐकेना.

खरं तर आधी गाडी नेमकी कधी तापते ते बघायला हवं होतं. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो म्हणजे बहुतेक फॅनचं काहीतरी, मोटर, रिले नाहीतर स्विच, कारण स्पीडला वारा आपसूक लागतो, फॅनचं फारसं काम नसतं. उलट हायवेला, चढावर तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय का, वॉटर पंपची पाती झिजलीत का ते बघायचं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० डिग्रीला उघडायला लागतो, त्यामुळे इंजिन चांगलं तापलंय, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) चटके देतोय आणि खालचा गारच आहे तर तो बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता जास्त. (हात लावताना फॅनपासून लांब, तो कधीही चालू होतो.)

माझी गाडी दोन्हीकडे तापायची, तिथेच माझा गोंधळ झाला. मेकॅनिकने तर हेड गॅस्केटचं (इंजिनच्या आतल्या सीलचं, म्हणजे मोठ्या कामाचं) नाव काढलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

मग एकदा काटा वर चढलेला असताना हीटर फुल केला, म्हटलं थोडी उष्णता तिकडून निघून जाईल, तर आतून गार हवा! इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाहीये, एकतर कमी आहे नाहीतर मधे हवा अडकलीये. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघडली (गरम असताना चुकूनही उघडू नका, भाजाल) आणि बोट घातलं तरी पाणी लागेना. बॉटल फुल आणि रेडिएटर रिकामा!

होतं काय, तापल्यावर कूलंट फुगतं, कॅपची स्प्रिंग साधारण १ बार प्रेशर धरून ठेवते, आणि त्या प्रेशरला साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीच्या आसपास उकळतं, म्हणून कॅप ढिली पडली तरी गाडी उकळू शकते. प्रेशर १ बारच्या वर गेलं की जास्तीचं कूलंट बारीक नळीतून बॉटलमध्ये जातं आणि इंजिन थंड झालं की परत ओढलं जातं. माझी ती नळी कडक होऊन कॅपजवळच चिरली होती. जाताना कूलंट जायचं, थोडं वाटेत गळायचं, येताना मात्र नुसती हवा. वीतभर नळी हो!

नळी बदलायला पाच मिनिटं लागली, आतली हवा काढायला अर्धा तास, हीटर फुल ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू कूलंट ओतत बसलो होतो.

आता बॉटलची लेव्हल गाडी चालवून आलं की वर आणि सकाळी खाली असते. तीन आठवडे ती जागची हलली नव्हती आणि मी त्यालाच सगळं ठीक आहे असं समजत होतो.