ओली मुळे, तापलेली पाने

टोमॅटोच्या एका हरितगृहात पाने झुकू लागली म्हणून व्यवस्थापकांनी ठिबकाच्या पाळ्या वाढवल्या, आणि तरीही झुकणे वाढतच गेले, तेव्हा मला बोलावणे आले. वनस्पतींच्या शरीरक्रियांचा अभ्यास हे माझे काम असल्यामुळे मी आधी पान हाताळून पाहिले. पाते ताठ होते. खाली वळला होता तो फक्त देठ. वाकणे आणि कोमेजणे यांतला फरक न पाहताच लोक पाण्याचा नळ सोडतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

अवरक्त तापमापीने मोजले तेव्हा हवा ३१ अंश सेल्सिअस होती, या ओळींतील पाने ३५ अंशांच्या वर होती आणि कमी पाणी मिळणाऱ्या पलीकडच्या ओळींतील पाने २९ अंशांवर होती. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता पानातून निघून जाते. तेव्हा एकाच उन्हात एवढा फरक पडला, याचा अर्थ तापलेल्या पानांची पर्णरंध्रे, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, मिटलेली होती. रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडची आवकही थांबते, आणि तापलेल्या पानात रुबिस्को हे कार्बन डायऑक्साइड बांधणारे विकर त्याच्याऐवजी ऑक्सिजनला अधिक वेळा धरू लागते, त्यामुळे हिरवेगार दिसणाऱ्या पानाचेही प्रकाशसंश्लेषण घटते. व्यवस्थापकांनी आकडे पाहिले आणि आणखी एक पाळी वाढवण्याची तयारी केली.

मी त्यांना थांबवून दाबकक्ष, म्हणजे पानातील पाण्यावरचा ताण मोजणारे उपकरण, उघडला. १९६५ मध्ये शास्त्रज्ञ शोलँडर यांनी रूढ केलेले हे उपकरण आजही माझ्या पेटीतले सर्वांत विश्वासू आहे. पान खुडण्यापूर्वीच पिशवीत झाकायचे, देठ नव्या पात्याने एकाच घावात कापायचा, त्याचे टोक रबरी बुचातून बाहेर ठेवून पान कक्षात बंद करायचे, आणि मग नायट्रोजनचा दाब इतक्या सावकाश वाढवायचा की भिंगातून पाहताना कापलेला पृष्ठभाग रसाने ओला होण्याचा नेमका क्षण हुकू नये. घाई करणारे फेसालाच रस समजून आकडा लिहितात. असे आकडे मी अहवालांतही पाहिले आहेत. रस ज्या दाबाला दिसतो, साधारण तेवढ्याच ताणाखाली जलवाहिन्यांतील पाणी वर ओढले जात असते. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडले ते हेच, की पानातून होणारे बाष्पीभवन आणि पाण्याच्या रेणूंची परस्परांतील ओढ यांच्या बळावर पाण्याचा अखंड स्तंभ वर चढतो.

झुकलेल्या पानांत रस ४ बारला दिसला, पलीकडच्या ओळींतील निरोगी पानांत ८ बारला. तहानलेले झाड याच्या नेमके उलट आकडे देते. निरोगी पान पाणी खर्च करत होते म्हणून त्याच्या वाहिन्यांत ताण अधिक होता; झुकलेल्या पानाने खर्चच बंद केला होता.

लागवडीच्या पिशव्या फाडल्या तेव्हा आतली मुळे तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची निघाली. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. अशा गुदमरलेल्या मुळांत इथिलीन या वनस्पतींच्या संप्रेरकाचे पूर्वद्रव्य साठते, ते रसाबरोबर वर जाते, पानाला ऑक्सिजन मिळत असल्यामुळे तिथे त्याचे इथिलीन होते, आणि देठाची वरची बाजू अधिक वाढून देठ खाली वळतो. झाड पाण्याचा अतिरेक सांगत होते आणि त्याला तहान समजून पाणी दिले जात होते.

पिशव्यांना तळाशी चिरा दिल्या, पाळ्या कमी केल्या, आणि पुढच्या भेटीत पांढरी मुळे व हवेपेक्षा थंड पाने दिसली. मला अजून छळतो तो तापमापीचा आकडा. पानाच्या तापमानावरून पिकाचा ताण ठरवून आपोआप पाणी सोडणाऱ्या यंत्रणा आता मोठ्या कौतुकाने बसवल्या जातात. त्या हरितगृहात अशा यंत्रणेने ३५ अंश वाचून नेमकी आणखी एक पाळी दिली असती, कारण तापलेले पान रंध्रे मिटल्याचे सांगते, ती कशामुळे मिटली हे सांगत नाही. व्यवस्थापकांनी तशी यंत्रणा मागवली आहे. जुन्या पानांचे देठ वाढीमुळे वळलेले असल्याने ते पुन्हा सरळ झालेले नाहीत, आणि त्या पानांकडे बोट दाखवून पाणी वाढवावे का, अशी विचारणा अजूनही माझ्याकडे होते.