माळ नसली तरी दहा पेरं आहेत

१९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेचा पहिला अध्याय उलगडला, आणि १९ जूनच्या रविवारी अठरावा. साने गुरुजी ते टिपून घेत होते. यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेळापत्रक. आठवड्याला एकच अध्याय. दार बाहेरून बंद होतं, पण रविवार त्यांचा होता.

खुब्याचं हाड मोडून महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही अशीच कोंडी होते. आंघोळ, जेवण, कूस बदलणं, सगळं दुसऱ्याच्या सवडीनं. त्याच्या स्वतःच्या सवडीचं एक तरी काम हवं. नामजप त्यासाठी फार चांगला, आणि हाताशी माळ नसली तर करमाळ आहे, म्हणजे बोटांच्या पेरांवर मोजणं.

उजवा हात उताणा ठेवा. अंगठ्याचं टोक अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकवा, तिथे पहिलं नाम. मग अनामिकेचं खालचं पेर, करंगळीचं खालचं, मधलं, वरचं. तिथून अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. ही दहा झाली. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, ती ओलांडायची नाहीत. प्रत्येक दहाला डाव्या हाताचं एक पेर पुढे सरकवा. दहा फेऱ्यांचे शंभर होतात. माळेच्या १०८ पैकी उरलेले आठ त्याच वाटेनं मोजले की तर्जनीच्या वरच्या पेरावर संपतात. एका श्वासाला एकदा ‘राम कृष्ण हरी’ म्हटलं तर १०८ ला सात-आठ मिनिटं लागतात.

डावा हात चालत नसेल तर छातीवर छोटी ताटली ठेवून दहा चिंचोके द्या; दर दहाला एक बाजूला सरकवायचा. उजवाच लुळा असेल तर डाव्या हातानं करा. शास्त्रात काय बसतं याचा घोळ इथे घालू नये.

बहुतेकांचं बिघडतं ते पहिल्याच आठवड्यात. उत्साहात अकरा माळांचा संकल्प होतो, चौथ्या दिवशी ताप येतो, नेम मोडतो आणि अपराधी वाटून सगळंच सुटतं. म्हणून सकाळी एक, रात्री एक, एवढ्यावरच सुरुवात करावी. गोळी घेतल्यावर गुंगी येते, तेव्हा आकडा हमखास चुकतो. गोळीच्या आधीची वेळ धरावी. तोंड कोरडं पडत असेल तर मनातल्या मनात. जप चालू आहे म्हणून दुखणं डॉक्टरांपासून लपवू नये.

घरच्यांनी ‘किती झाले?’ असं विचारू नये. तो हिशेब त्या माणसाचा एकट्याचा आहे, आणि दिवसभरात त्याच्या एकट्याचं असं दुसरं काही नसतं.

रात्री तीनला जाग येऊन मोजणी विसरली, तर अनामिकेच्या मधल्या पेरावर परत यावं.